तिसरा प्रश्न

रफूवाल्या राजनने पिशवीतली ओढणी काउंटरवर पसरली आणि हम्माद मुकादम म्हणाला, की ही आमची नव्हे. अगदी सहज म्हणाला, हॉटेलात दुसऱ्याच टेबलाची बिर्याणी समोर आली तर म्हणावं तसं. दुबईच्या मीना बाजारातल्या त्या बोळाएवढ्या दुकानात रफूला आलेल्या कपड्यांचे ढीग छताला टेकले होते, त्यात एखादी अदलाबदल व्हायचीच. राजनने पावती पाहिली, ओढणीच्या कडेला टाचलेला कपटा पाहिला, दोन्हींवर एकच नंबर. "यही है भाईसाब. कुबरा मॅडम, अल बर्शा." हम्मादने त्याला समजुतीच्या सुरात सांगितलं, की आमची ओढणी हिरवी आहे, निकाहाची आहे, आणि तो निकाह माझाच होता, तेव्हा मला ठाऊक नसेल तर कोणाला असेल. काउंटरवरची ओढणी डाळिंबी होती. चांगली गडद डाळिंबी, काठाला जुन्या वळणाची जर, आणि जिथे ती विरली होती तिथे राजनने नवी इतकी बेमालूम भरली होती की बोट फिरवूनही कळू नये. राजन वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्याने नुसता ओढणीचा एक कोपरा उचलून पुढे धरला. त्या कोपऱ्यात चांदीच्या तारेने काढलेली इवलीशी होडी होती.

ती होडी कुबराच्या नानीने काढलेली. नानांची मासेमारीची होडी वादळातून परत आली त्या वर्षी नानीने ही ओढणी भरायला घेतली, आणि पुढे नातीच्या निकाहात ती नातीच्या डोक्यावर आली, हे कुबराने हम्मादला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं आणि त्यानंतरही चिक्कार वेळा. होडी ओळखीची, रंग परका. राजनने विचारलं, मॅडमना फोन लावू का, तर हम्मादच्या तोंडून मराठीतच "नको" निघून गेलं, गरजेपेक्षा जरा मोठ्याने. दुकानातल्या एका बाईने वळून पाहिलं. मग त्याने ओढणी घडी करून घेतली, पिशवी घेतली, थँक यू म्हणाला आणि नोव्हेंबरच्या छान, सौम्य उन्हात बाहेर आला. बाहेर सगळं होतं तसंच होतं. कापडवाले हाका मारत होते, जुम्म्याची नमाज आटोपून माणसं जेवायला निघाली होती.

खरं तर त्याला इथे यायचं कारणच नव्हतं. कुबराची थोरली बहीण हाफिजा, तिच्या मुलीचं, माहनूरचं, डिसेंबरात गावी लग्न. नानीची ओढणी आता माहनूरच्या डोक्यावर जायची म्हणून हाफिजाने ती गावच्या पेटीतून काढून, मलमलीत गुंडाळून, वर टाके घालून कुणाबरोबर तरी दुबईला धाडली होती, कारण जरीचं असं काम करणारा माणूस मीना बाजारातच मिळतो. कुबराने परस्पर ती राजनकडे टाकली आणि बजावून सांगितलं, की आणायला मीच जाईन, तुम्ही जाऊ नका. नवऱ्याला एखादी गोष्ट करू नका म्हटलं की तो ती प्रेमापोटी करून येतो, त्यातला हा प्रकार. आज जुम्म्याची नमाज इथेच बर दुबईत झाली, फ्रीजला लावलेली पावती सकाळीच खिशात घातली होती, म्हटलं बायकोचा एक हेलपाटा वाचवू. हेलपाटा वाचला खरा. चालता चालता त्याच्या लक्षात आलं की पिशवी आपण डाव्या काखेत, बोटांनी टोक पकडून, कोपर बरगडीला घट्ट लावून धरली आहे. चार वर्षं झाली खेळ सोडून, पण हाताला ते कोणी कळवलेलं नव्हतं.

हम्माद रनिंग बॅक होता. हे गावी कोणालाच धड समजावता आलं नाही. अमेरिकेतला फुटबॉल, ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडूही कसला, दोन्ही टोकांना निमुळता. एक जण तो तुमच्या पोटात कोंबतो, आणि मग समोरच्या अकरा धिप्पाड माणसांना चुकवत, अंगावर घेत, जमेल तेवढं पुढे पळायचं, एवढंच रनिंग बॅकचं काम. पैसे किती मिळतात, असं अब्बांनी फोनवर विचारलं होतं. मिळत नाहीत, उलट वर्गणी भरावी लागते, असं कळल्यावर अब्बा म्हणाले, तब्येतीला जप. दुबईतल्या हौशी लीगचा खेळ तो. टीममध्ये पायलट होते, शाळामास्तर होते, एक दातांचा डॉक्टर होता, आणि गोदामात माल मोजणारा एक कोकणी होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळे सारखेच घामेजलेले आणि मार खाल्लेले असायचे, आणि हम्मादला ते फार आवडायचं. ऑफिसात तो कुणाच्या नजरेत भरत नसे. तिथे मैदानावर मात्र आठवडाभर सात-आठ माणसं फक्त त्याला कसं पाडावं याचा विचार करून आलेली असत. एवढा मान त्याला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

त्या खेळात तो आला तोही अपघातानेच. तेव्हा लग्न झालेलं, पण कुबरा गावी आणि तो इंटरनॅशनल सिटीत सहा जणांच्या खोलीत. वसंतरावांच्या ट्रेडिंग कंपनीची गाडी चालवायचा. एका मैदानावर पाण्याचे खोके पोचवायला गेला, तर हेल्मेटवाली माणसं सराव करत होती. कोच डेल, ओहायोचा, विमानांच्या सुट्या भागांच्या कंपनीत मोठा साहेब, त्याने गंमत म्हणून विचारलं की येतोस का पळायला. हम्माद बुटासकट उतरला. गावी दाभोळ खाडीच्या अल्याडपल्याड कबड्डीत त्याच्या चढाईला नाव होतं. मुकादमांचा हम्माद येतोय म्हटल्यावर समोरचे कोपरारक्षक पाय आत घेत. त्या दिवशी मैदानावर समोरच्या चौघांपैकी एकालाही हम्मादला धरता आलं नाही. डेलने टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुढच्या मंगळवारी ये म्हणाला. मग वसंतरावांकडून मंगळवारी लवकर सुटण्याची परवानगी. वसंतराव स्वतः जुने खो-खोवाले, ते म्हणाले, जा बाबा, पण गाडीत हेल्मेट घालून बसू नकोस.

आणि मग पहिला सामना, ज्याची गोष्ट दुबईत अजून सांगतात. हम्मादच्या हातात चेंडू आला, समोर फट दिसली, तो शिरला. एक गेला, दुसरा खांद्यावरून घसरला, तिसऱ्याने पायात हात घातला तर हा उडून पलीकडे. हेल्मेटच्या आत त्याचा दम चालू होता, कबड्डी कबड्डी कबड्डी, एका श्वासात. मागाहून समोरच्या टीमचे लोक विचारत होते की हा पळताना कसली प्रार्थना म्हणतो. शेवटचा माणूस उरला, त्यालाही चाटून हा सुटला, समोर शेवटच्या रेषेपर्यंत मोकळं मैदान, आणि हम्माद गर्रकन वळून आपल्या बाजूला पळत सुटला. कारण इतक्या जणांना शिवल्यावर माणसाने काय करायचं असतं? जिवंत परत यायचं असतं. मधल्या रेषेला हात लागला नाही तर सगळी चढाई फुकट. हे त्याच्या रक्तात होतं, डोक्याला विचारायला वेळच मिळाला नाही. अख्खी टीम हातवारे करत बोंबलत होती, त्याला वाटलं कौतुक चाललंय. आपल्याच अंगणात येऊन तो हसत उभा राहिला आणि तिथे त्याला पाच जणांनी एकदम आडवा केला. त्या दिवसापासून त्याचं नाव रिव्हर्स पडलं. सामन्यानंतर डेल त्याच्याजवळ मांडी घालून बसला आणि त्याने एकच नियम समजावून सांगितला, की इथे परत यायचं नाही, हबीबी. इथे जिथे पडशील तिथून पुढचा डाव.

हा नियम हम्मादला इतका आवडला की तो त्याने खेळाबाहेरही लावून पाहिला. गल्फमध्ये आलेली गावची बहुतेक माणसं एक डोळा परतीच्या तिकिटावर ठेवून जगतात. दोन वर्षं, मग आणखी दोन, मग घर झालं की खलास. हम्मादने पडल्या जागेपासून पुढे मोजायला सुरुवात केली. वसंतरावांकडून एका लॉजिस्टिक्स कंपनीत, तिथून सुपरवायझर, कुबराला आणलं, इनाया झाली, अल बर्शात दोन खोल्यांचा फ्लॅट. फार पुढे गेला असं नाही, पण मागे कधी आला नाही. एकदा टीमने लीग जिंकली, त्या रात्री डेलने त्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोदामात सिरॅमिकच्या टाइल्स मोजत होता आणि त्याला मोजताना हसू येत होतं. मग गुडघा बोलायला लागला. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. सुट्टी बदलून शनिवार-रविवार झाली त्याच हिवाळ्यात हम्मादने बूट टांगले. दुःख झालं नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. पोटभर जेवून पानावरून उठावं तसा तो उठला. आता शनिवारी इनायाला शाळेच्या ग्राउंडवर सोडायचं, कॉफी घेऊन बसायचं, गुडघा लांब करायचा. सुखी माणूस होता. आज दुपारी दुकानात शिरेपर्यंत तरी होता.

पाय त्याला आपोआप खाडीवर घेऊन आले होते. पलीकडे देऱ्याला नेणारी अब्रा, इथली लाकडी होडी, सुटायच्या बेतात होती, तो उतरून लाकडी बाकावर बसला, पिशवी मांडीवर. गेल्या ईदपासून हम्मादला एका गोष्टीची भीती वाटत आली होती, आणि ती गोष्ट म्हणजे डेल. डेल निवृत्त होऊन ओहायोला परतला. त्या ईदला व्हिडिओ कॉल झाला, तर तो पूर्वीसारखाच गडगडाटी हसला, आणि म्हणाला, रिव्हर्स, त्या दिवशी तू कोणत्या पायावर वळलास रे? उजव्या, हम्माद म्हणाला. मग गुडघ्याचं निघालं, पोरांचं निघालं, आणि डेलने त्याच उत्साहाने विचारलं, रिव्हर्स, त्या दिवशी तू कोणत्या पायावर वळलास? उजव्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फोन धरलेल्या त्याच्या बायकोने चेहरा बाजूला केला. तरुणपणी डेलही रनिंग बॅक होता. आयुष्यभर डोक्याने धडका देत वाट काढलेली माणसं पुढे अशी होतात म्हणे. टीमचे जुने लोक यावर बोलत नाहीत, विषय निघाला की गुडघ्यांवर नेतात. हम्मादही तेच करायचा. पण आंघोळ करताना, गाडी पार्क करताना तो स्वतःला गुपचूप एखादं नाव विचारून पाहायचा, आणि नाव आलं की बरं वाटायचं.

आणि कुबराचे तीन प्रश्न तर होतेच. बारा वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी हम्मादच्या हेल्मेटवर दुसरं हेल्मेट आदळलं आणि काही वेळ त्याला सगळं पाण्याखालून ऐकू आलं. टीमची फिजिओ तहसीन त्याला घरी घेऊन आली, आणि दारातच तिने कुबराला शिकवलं की बाजी, घरात घ्यायच्या आधी काही विचारत जा. वार विचारा, काल काय जेवले ते विचारा, आणि एक असं विचारा जे कधी बदलत नाही. बदललं उत्तर की थेट हॉस्पिटल. कुबराने तेव्हा जे ठरवलं ते ठरवलं. दर सामन्यानंतर ती उंबऱ्यात उभी राहायची, हम्माद बॅग खांद्याला लावून बाहेर. आज वार? शुक्रवार. काल जेवलात काय? कोलंबीचा पुलाव. निकाहात माझी ओढणी कोणत्या रंगाची होती? हिरवी. या आत. खेळ सुटला तरी शुक्रवारचे प्रश्न सुटले नाहीत. जुम्म्याहून आला तरी तेच, भाजी घेऊन आला तरी तेच. शेजारचे केरळी लोक सुरुवातीला दार किलकिलं करून बघायचे, आता तेही बघत नाहीत. आणि आत्ता, खाडीच्या मधोमध, डिझेलच्या वासात आणि सीगलांच्या गलक्यात, हम्मादला पहिल्यांदा एक गोष्ट सुचली. बारा वर्षांत कुबरा एकदाही 'बरोबर' म्हणाली नव्हती. या आत, एवढंच म्हणाली होती.

त्याने डोळे मिटून निकाह आठवून पाहिला. मे महिना, आंब्याचा वास, मांडवात पुरुष, घरात बायका. कुबराचे आजोबा कडक, फोटोला सक्त मनाई, त्यामुळे त्या दिवसाचा एकही तुकडा कागदावर नाही, जो आहे तो हम्मादच्या डोक्यात. मांडवातून घराची एक खिडकी दिसत होती. खिडकीला गज, गजांमागे हिरवी ओढणी. चेहरा दिसत नव्हता, नुसता हिरवा रंग आणि एक बांगड्यांचा हात, पंख्याने वारा घेणारा. ती बघता बघता त्याच्या मानेवर काटा आला होता, कुणी कबूल आहे का म्हणून विचारलं आणि त्याने ऐकलं नाही, मामाने कोपर मारलं होतं. हे सगळं इतकं स्वच्छ होतं की त्यात खोट काढणं शक्य नव्हतं. रात्री वीज गेली होती, लोडशेडिंग, ती उजाडेपर्यंत आलीच नाही. कंदिलाच्या उजेडात त्याने तिला प्रथम जवळून पाहिली तेव्हा रंगाकडे कुणाचं लक्ष होतं. पण खिडकी? खिडकी तर भर दुपारची. मग मांडीवरच्या पिशवीत जे आहे ते काय? जे झालंच नाही ते इतकं लख्ख आठवत असेल, तर जे लख्ख आठवतं त्यातलं झालं तरी किती? खांद्यावर घेणारा डेल? उजवा पाय?  

म्हणजे दोनातलं एक खरं. एक तर कुबरा बारा वर्षं त्याला खोटं बोलू देत आली. पहिल्याच माराने त्याचं डोकं गेलं हे तिला तेव्हाच कळलं आणि तिने दयेपोटी दार उघडलं. नाहीतर आणखी वाईट, म्हणजे तिला स्वतःलाच आता आठवत नाही. देऱ्याचा काठ आला. माणसं उतरली, हम्मादही उतरला, फरशीवर एक पाय टेकवला, आणि लगेच परत निघणाऱ्या दुसऱ्या अब्रेत जाऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्या पठाणाने त्याच्याकडे कुतूहलाने पाहिलं. पलीकडे शिवून परत येणारा माणूस त्याने बहुधा पाहिला नसावा.

परतताना त्याच्या डोक्यात एक अगदी सोपी गोष्ट आली, आणि सोपी म्हणूनच ती चिकटून बसली. पिशवी राजनला परत नेऊन द्यायची. पावती फ्रीजला. कुबरा म्हणेल तेव्हा जाऊन आणेल. आज दारात विचारेल, हिरवी म्हणायचं, आत जायचं, जेवायचं. कुणाला काही कळणार नाही. फोन वाजला, इनायाचा मेसेज होता, तोही नेहमीप्रमाणे इंग्लिशमध्ये, की मॉम विचारतेय कुठे आहेस, आणि येताना लब्ने आण. हम्माद काठावर उतरला आणि खरोखरच मीना बाजाराकडे वळला, उजव्या पायावर. कापडाच्या दुकानांची रांग दिसायला लागली तेव्हा तो थांबला. आपण परत चाललोय हे त्याला पावलांतून कळलं. मोकळं मैदान पुढ्यात सोडून हसत हसत मागे पळणारा तो हेल्मेटवाला गाढव त्याला दिसला, आणि त्याच्याकडे धावणारे पाच जण. जिथे पडशील तिथून पुढचा डाव. डोकं गेलं असेल तर ते आजपासून गेलं असं धरू, पण उंबऱ्यात उभं राहून बायकोला खोटं उत्तर द्यायचं नाही. तेवढ्यासाठी तर ती विचारते. त्याने पिशवी पुन्हा काखेत दाबली आणि मेट्रोकडे चालू लागला.

बुर्जुमानला गाडी बदलली, मग शेख झायेद रोडच्या कडेने उन्हं कलताना गाडी निघाली, तो उभाच होता. भीती होती, पण आता ती ओळखीची होती, सामन्याआधीच्या दुपारची, जिभेवर तांब्याची चव आणणारी. लब्नेचा, त्या घट्ट दह्याचा, डबा घेतला. लिफ्टमध्ये आरशात पाहिलं, त्रेचाळीस वर्षांचा माणूस, कानशिलावर पांढरे, मान अजून जाड. वार शुक्रवार, तो मनात म्हणाला. काल भेंडी आणि तळलेलं पापलेट. पुढचं त्याने मनातही म्हटलं नाही.

दार इनायाने उघडलं आणि लब्ने घेऊन ती आत सरकली. मागून कुबरा आली, हात पुसत, आणि सवयीने उंबऱ्यात उभी राहिली. उशीर कुठे झाला हेही तिने आधी विचारलं नाही.

"वार?"

"शुक्रवार."

"काल काय जेवलात?"

"भेंडी. पापलेट. पापलेटात काटा राहिला होता."

"निकाहात माझी ओढणी कोणत्या रंगाची होती?"

हम्मादने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "डाळिंबी."

 कुबराने एका हाताने दाराची चौकट पकडली आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट, आणि मान न वळवता आत सांगितलं, "इनाया, गाडीची चावी आण. अब्बांचं इमिरेट्स आयडी घे. लवकर." मग त्याच्याकडे, एकदम मऊ आवाजात, "कुठे पडलात? डोकं दुखतंय का? बसा, इथेच बसा."

इनाया चावी घेऊन आली आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. "डॅड, इट्स ग्रीन," ती जवळजवळ कुजबुजत म्हणाली. "जस्ट से ग्रीन."

तेव्हा हम्मादने काखेतली पिशवी पुढे केली. कुबराने आत पाहिलं, डाळिंबी कड दिसली, चांदीची होडी दिसली, आणि ती उंबऱ्यावरच बसली, चावी, आयडी, पिशवी सगळं मांडीवर घेऊन. आधी ती रडली, मग त्याच श्वासात हसायला लागली, आणि मध्येच तुम्हाला कुणी जायला सांगितलं होतं, असं ओरडलीही. हम्माद गुडघा सांभाळत तिच्यासमोर लॉबीच्या फरशीवर टेकला. त्याने विचारलं ते एवढंच, की मी चुकीचं सांगत होतो हे तुला कधीपासून माहीत आहे.

"पहिल्यापासून," कुबरा म्हणाली. "तुमच्या डोक्याला लागायच्या आधीपासून. शारजाला त्या लग्नात हिरव्या कपड्यातली नवरी बघून तुम्ही म्हणालात, अगदी तुझ्यासारखी ओढणी. तेव्हा तुमचं डोकं ठणठणीत होतं, आणि मी दोन दिवस बोलले नव्हते, तुम्हाला कारणही कळलं नाही. हिरवी हाफिजाआपाची होती. खिडकीत आपा बसली होती, गरम होतंय म्हणून. मी आत पलंगावर."

 सतरा वर्षं ज्या हिरव्या रंगाने त्याच्या मानेवर काटा येत होता, तो रंग मेहुणीचा होता, तेव्हा तीन पोरांची आई असलेल्या.

"तहसीन म्हणाली, जे बदलत नाही ते विचारा," कुबरा पदराच्या टोकाने डोळे टिपत म्हणाली. "तुमची ही चूक बदलत नाही, हे मला माहीत होतं. बारा वर्षं दर शुक्रवारी उंबऱ्यात उभी राहून मी आपाची ओढणी ऐकतेय, मजा येत होती असं वाटतं का? पण तुम्ही हिरवी म्हणालात की मला कळायचं, गेला तोच माणूस परत आलाय. आज डाळिंबी म्हणालात, आणि मला वाटलं हा दुसराच कुणी आलाय."

इनाया मागे भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटून हसत होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, एका त्याला सोडून. हम्मादला वाटलं, आपण खूप मोठ्याने हसावं किंवा रडावं, पण झालं एवढंच की छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, दम सोडल्यासारखा. डेलसाठी त्याला वाईट वाटलं, आणि डेलच्या बायकोसाठी त्याहून जास्त. पुढे कधी आपलंही तसं होईल की नाही हे आज कळलं नव्हतं, ते कुणालाच कळत नाही. पण आज जे हरवलं असं वाटलं होतं ते कधी हरवलंच नव्हतं, फक्त पत्ता चुकीचा होता. त्याने हाफिजाला हे सांगणार का म्हणून विचारलं, तर कुबरा म्हणाली, आपाला कळलं तर ती माहनूरच्या लग्नात हिरवी ओढून खिडकीत बसेल.

मग ती उठली. ओढणी तिने इनायाच्या हातात दिली, कपाटात ठेव म्हणाली, डोळे पुसले आणि हम्मादला हात देऊन उभा केला. तो आत पाऊल टाकणार तेवढ्यात तिने तळवा त्याच्या छातीवर ठेवला.

"आजचं उत्तर मी धरत नाही. बाहेर व्हा."

तिने दार लावून घेतलं. हम्माद लॉबीत उभा राहिला, शेजारच्या केरळी घराचं दार फार दिवसांनी किलकिलं झालं होतं, त्याने तिकडे बघून हात केला. मग बेल वाजवली. दार उघडलं, कुबरा उंबऱ्यात, चेहरा एकदम गंभीर.

"माझी ओढणी कोणत्या रंगाची होती?"

"हिरवी," हम्माद म्हणाला.

"या आत."